तह करणारा आणि लिहून ठेवणारा : सर जॉन माल्कम

माल्कम हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांना महाबळेश्वरमुळे ठाऊक असतं. तिथल्या वस्तीला माल्कम पेठ असं नाव पडलं होतं. पण ज्याच्या नावाने ती पेठ वसली, त्या माणसाचं आयुष्यातलं मोठं काम महाबळेश्वरात नाही, तर आपल्या माळव्यात झालं. मिसरोदहून निघून भोपाळ शहर ओलांडलं आणि सिहोर, आष्टा, देवास करत इंदूरला आणि पुढे महूला गेलं, तर ह्या सगळ्या रस्त्यावर त्याच्या कामाच्या खुणा आहेत. शिंदे, होळकर आणि पेशवे ह्या तिघांशीही वाटाघाटी करणारा आणि नंतर त्या सगळ्यावर जाडजूड पुस्तकं लिहिणारा हा इंग्रज मुत्सद्दी. खरं तर इंग्रज नव्हेच, तो स्कॉटलंडचा.

आपल्या मंडळात अहिल्याबाईंवर कितीतरी वेळा बोलणं झालंय. तेव्हा एक गोष्ट मला सारखी जाणवायची. त्यांच्याविषयी जे सांगितलं जातं त्यातला बराच भाग कुठून तरी माल्कमच्या पुस्तकातून आलेला असतो. ज्याने होळकरांचा पराभव केला त्यानेच होळकरांच्या राणीचं चरित्र जगाला सांगितलं, हे काय गौडबंगाल आहे? म्हणून ह्या अंकासाठी मी त्याच्यावर लिहायचं ठरवलं.

जॉन माल्कमचा जन्म २ मे १७६९ चा. स्कॉटलंडच्या दक्षिणेला एस्कडेल नावाचं खोरं आहे, तिथल्या बर्नफूट गावी. वडील दुसऱ्याची जमीन कसणारे, कर्जात बुडालेले, आणि घरात सतरा मुलं. अशा घरातल्या मुलांना लवकर बाहेर पडावंच लागतं. जॉनला ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात घ्यावं म्हणून लंडनला नेलं, तेव्हा तो एवढा लहान होता की संचालक त्याला परत पाठवायच्या बेतात होते. त्यांनी गमतीने विचारलं, हैदरअली समोर आला तर काय करशील? पोराने सरळ सांगितलं की तलवारीने त्याचं डोकं उडवीन. नेमणूक झाली. १७८३ मध्ये तो मद्रासला उतरला तेव्हा त्याचं वय तेरा-चौदा. आजच्या हिशेबाने आठवी-नववीतला मुलगा.

सुरुवातीची वर्षं त्याने नुसती मजा केली. उंच, धिप्पाड, शिकारीचा शौकीन, मोठ्याने हसणारा आणि डोक्यावर कर्ज. बदल झाला तो १७९२ मध्ये, श्रीरंगपट्टणच्या वेढ्याच्या वेळी. तिथे निजामाच्या फौजेबरोबर कंपनीचे जे राजकीय अधिकारी होते त्यांचं काम त्याने जवळून पाहिलं. दोन दरबारांच्या मध्ये बसून बोलणी करायची, पत्रं लिहायची, समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखायचं. हे काम आपल्याला जमेल असं त्याला वाटलं. पण त्यासाठी फारसी यायला हवी, कारण तेव्हा हिंदुस्थानातले सगळे दरबारी व्यवहार फारसीत चालत. मग हा उनाड तरुण मान मोडून फारसी शिकला. त्याचं पुढचं सगळं आयुष्य ह्या एका निर्णयावर उभं राहिलं.

१७९८ मध्ये तो हैदराबादला रेसिडेंटचा साहाय्यक झाला. निजामाच्या पदरी फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखाली मोठं सैन्य होतं, ते त्याच वर्षी मोडून काढलं गेलं. पुढच्या वर्षी टिपू पडल्यावर म्हैसूरची व्यवस्था लावणाऱ्या मंडळाचा तो टॉमस मन्रोबरोबर सचिव होता. आणि लगेच त्याला इराणला वकील म्हणून पाठवण्यात आलं. १८०१ च्या जानेवारीत त्याने फतहअली शाहाबरोबर तह केला. इराणला तो पुढे १८०८ आणि १८१० मध्येही गेला. इराणात बटाटा त्याने नेला आणि तिथले लोक त्याला माल्कमचं आलूबुखार म्हणत, अशी एक गोष्ट सांगतात.

आता आपल्या इतिहासाकडे येऊ. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. शिंदे आणि नागपूरकर भोसले ह्यांना ते मान्य होणं शक्य नव्हतं. युद्ध पेटलं. आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन, हा माल्कमचा जिगरी दोस्त. दोघांच्या जन्मात जेमतेम एका दिवसाचं अंतर. असईच्या लढाईच्या वेळी माल्कम आजारी होता, त्यामुळे ती लढाई त्याच्या हातून निसटली. पण तहाच्या बोलण्यांना तो हजर झाला. ३० डिसेंबर १८०३ ला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. हे गाव आज अमरावती जिल्ह्यात आहे. त्यानंतर तो शिंद्यांच्या दरबारात राहिला आणि फेब्रुवारी १८०४ मध्ये बऱ्हाणपूरला दुसरा तह झाला.

ह्या बोलण्यांत शिंद्यांच्या बाजूने विठ्ठलपंत नावाचे वयोवृद्ध कारभारी होते. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. काहीही मागा, काहीही नाकारा, चेहरा तसाच. माल्कम त्यांच्यावर इतका खूश झाला की पत्त्यांच्या खेळातल्या पक्क्या खेळाडूला शोभेल असं टोपणनाव त्याने त्यांना ठेवलं. गंमत पुढे आहे. बऱ्याच वर्षांनी युरोपात माल्कमने वेलिंग्टनला विचारलं, फ्रान्सचा तो प्रसिद्ध मुत्सद्दी तालेराँ कसा वाटला? वेलिंग्टनचं मत असं पडलं की तो आपल्या विठ्ठलपंतांसारखाच आहे, फक्त तेवढा हुशार नाही. तालेराँचं नाव आज जगभर शिकवतात. विठ्ठलपंतांचं आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

तह झाला, पण ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरून घोळ झाला. तहातल्या शब्दांचा अर्थ कसा लावायचा, किल्ला शिंद्यांचा की गोहदच्या राण्याचा? गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीला किल्ला सोडायचा नव्हता. माल्कमचं म्हणणं, समोरच्याने सही करताना जो अर्थ समजून सही केली तो पाळायला हवा, नाहीतर पुढच्या वेळी आपल्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? ह्या मतामुळे साहेबाची नाराजी त्याला सोसावी लागली. शेवटी १८०५ च्या नोव्हेंबरमध्ये नवा तह होऊन ग्वाल्हेर शिंद्यांना परत मिळालं, आणि हा तह करायला माल्कमच होता. महिन्याभरात, २४ डिसेंबर १८०५ ला, पंजाबात बियास नदीकाठी यशवंतराव होळकरांशी राजपूरघाटचा तह झाला. तोही त्यानेच केला.

ह्यानंतर तो लेखक झाला. एकदम नोकरी सोडून नाही, तर नोकरी करता करता. १८११ मध्ये हिंदुस्थानच्या राजकीय इतिहासाचं त्याचं पुस्तक आलं. त्यात कंपनीचं परराष्ट्र धोरण कसं घडलं ह्याचा हिशेब आहे. पुढच्या वर्षी शिखांवर एक छोटं पुस्तक आणि १८१५ मध्ये इराणचा दोन खंडांतला इतिहास. त्याला सर हा किताबही मिळाला. राजकीय इतिहासाचं पुस्तक त्याने नंतर वाढवून १८२६ मध्ये दोन खंडांत पुन्हा छापलं. त्यात तो कंपनीच्या धोरणावर टीका करतो. १८०५ नंतर इंग्रजांनी राजेरजवाड्यांच्या भानगडींतून अंग काढून घेतलं, त्यामुळे मध्य हिंदुस्थानात पेंढाऱ्यांचं थैमान माजलं, असं त्याचं मत. ह्या मताशी वाद घालता येतो. कारण ती अव्यवस्था ज्या लढायांतून आली, त्या लढायांत कंपनीचाही हात होता. पण स्वतः केलेल्या तहांचे पुढे काय परिणाम झाले हे मुत्सद्द्याने बसून तपासावं, हे त्या काळी नवीनच होतं.

१८१७ मध्ये तो हिंदुस्थानात परतला. ऑगस्टमध्ये साताऱ्याजवळ माहुलीला बाजीरावाची भेट घेतली. बाजीरावाने आपल्या मैत्रीची इतकी खात्री पटवली की माल्कम भुलला आणि पेंढाऱ्यांविरुद्ध फौज उभी करायचा सल्ला देऊन बसला. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन मात्र साशंक होता. नोव्हेंबरच्या ५ तारखेला खडकीची लढाई झाली आणि एल्फिन्स्टनचा संशय खरा ठरला.

तोवर माल्कम माळव्यात पोचला होता. होळकरांच्या दरबाराची तेव्हा पार दशा झाली होती. यशवंतराव वारलेले, गादीवर मल्हारराव नावाचा कोवळा पोरगा, आणि कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना त्यांच्याच सैन्यातल्या लोकांनी लढाईच्या आदल्या रात्री क्षिप्रेच्या काठावर ठार केलं. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला लढाई झाली. नदी ओलांडून होळकरांच्या तोफांवर चालून जाणाऱ्या इंग्रज फौजेचे सुमारे पावणेआठशे लोक मेले किंवा जखमी झाले. होळकरांकडची हानी त्याहून कितीतरी जास्त. ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला. होळकरांच्या बाजूने बोलणी करायला तात्या जोग होते, म्हणजे विठ्ठल महादेव किबे. सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, राजपुतांवरचे हक्क गेले, स्वतंत्र परराष्ट्र व्यवहार गेला. पण होळकरांचं राज्य नकाशावर राहिलं. त्याच वर्षी इंदूर राजधानी झालं आणि तात्या जोगांनी दिवाण म्हणून मोडकळीला आलेला कारभार पुन्हा उभा केला. आजचं इंदूर आपण पाहतो तेव्हा ह्या दिवाणाची आठवण ठेवायला हवी.

त्याच सुमारास, फेब्रुवारी १८१८ मध्ये, भोपाळच्या नवाब नजर मुहम्मद खानांशी रायसेनला कंपनीचा तह झाला. नवाबाने ६०० घोडेस्वार आणि ४०० पायदळ द्यायचं ठरलं. सिहोर, आष्टा, इछावर हा भाग भोपाळला मिळाला आणि सिहोरला इंग्रजांची छावणी बसली. थोडी वर्षं आधी ह्याच भोपाळला नागपूर आणि ग्वाल्हेरच्या मराठी फौजांनी वेढा घातला होता आणि वजीर मुहम्मद खानांनी तो झुंजून परतवला होता. आपण भोपाळचे मराठी लोक हा वेढा सहसा आठवत नाही. माल्कमने मात्र आपल्या पुस्तकात भोपाळच्या नवाबांवर वेगळं प्रकरण लिहिलं आहे.

आता सगळ्यात अवघड वाटाघाट. बाजीराव सहा महिने पळत होता. पुणे गेलं, कोरेगाव झालं, सातारा गेलं. मे १८१८ च्या शेवटी तो असीरगडाजवळ धुळकोटच्या बाजूला डोंगरांच्या आश्रयाने थांबला होता. बरोबर अरब शिपाई. असीरगडचा किल्लेदार शिंद्यांचा, पण मनाने बाजीरावाकडे झुकलेला. पावसाळा तोंडावर. माल्कमने हिशेब केला. हा माणूस असीरगडात शिरला किंवा जंगलात निसटला तर आणखी एक वर्ष लढाई, आणखी एक वर्ष गावं जळणार. त्याने बाजीरावाची समक्ष भेट घेतली आणि अटी पुढे ठेवल्या. राज्यावरचा हक्क कायमचा सोडायचा, दक्षिणेत परत जायचं नाही, उत्तरेत एखाद्या तीर्थक्षेत्री राहायचं. त्या बदल्यात वर्षाला ८ लाख रुपये. ३ जून १८१८ ला बाजीराव शरण आला. थोड्या दिवसांत अरबांनी थकलेल्या पगारासाठी बाजीरावालाच घेरलं, तेव्हाही माल्कमनेच बोलणी करून त्याची सुटका केली.

गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज चिडला. हरलेल्या, पळणाऱ्या माणसाला इतकी रक्कम? पण माल्कमने शब्द दिला होता, तो मोडता येईना. बाजीराव तेव्हा ४३ वर्षांचा होता. कानपूरजवळ बिठूरला तो पुढे बत्तीस वर्षांहून जास्त जगला आणि कंपनीने एकंदर अडीच कोटींच्या वर रुपये मोजले.

ह्या व्यवहाराकडे कसं पाहायचं? पुण्याच्या गादीचा शेवट अशा सौद्याने झाला, हे वाचताना मला आजही वाईट वाटतं. ज्या बाजीराव पहिल्याने माळवा जिंकला त्याच्याच नातवाने माळव्याच्या टोकाला येऊन राज्य सोडलं. पण त्या जूनमध्ये आजूबाजूच्या गावांतल्या माणसांना काय वाटलं असेल? माल्कमच्याच पुस्तकात एक हिशेब आहे. होळकरांच्या मुलखात ३,७०१ गावं होती, त्यातली १,६६३ त्या वेळी ओसाड पडली होती. जवळजवळ निम्मी. १८२० संपेपर्यंत त्यातली १,१२० पुन्हा वसली. हे आकडे जिंकणाऱ्याने लिहिलेले आहेत हे लक्षात ठेवूनच वाचायला हवेत. तरी गावात परत आलेला शेतकरी तहाची किंमत आपल्याहून वेगळी करणार, हे मान्य केलं पाहिजे.

१८१८ ते १८२१ माल्कम माळव्याचा कारभार पाहत होता, मुक्काम महूच्या छावणीत. कोणीही यावं, भिल्ल असो, पाटील असो की ठाकूर, मध्ये मुनशी-चोपदार नको, थेट बोलावं, असा त्याचा शिरस्ता होता. तंबूचे चारही दरवाजे उघडे. हाताखालच्या अधिकाऱ्यांनाही त्याने लेखी सूचना दिल्या की लोकांशी तुसडेपणाने वागू नका, त्यांच्या संस्थानांत नाक खुपसू नका. ह्याच काळात त्याने पुस्तकाचं सामान जमवलं. गावोगावचे कागद, वंशावळी, वृद्धांच्या आठवणी. अहिल्याबाईंना जाऊन तेव्हा पंचवीसच वर्षं झाली होती. त्यांच्या पदरी काम केलेली माणसं हयात होती. सगळेच इतकी स्तुती करतात म्हटल्यावर माल्कमला आधी संशय आला. मग त्याने मुद्दाम वेगवेगळ्या लोकांकडून चौकशी करवली, होळकरांशी वैर असणाऱ्यांनाही विचारलं. चौकशी वाढली तसा आदर वाढतच गेला. १८२३ मध्ये मध्य हिंदुस्थानावरचं त्याचं दोन खंडांचं पुस्तक लंडनला छापलं गेलं आणि अहिल्याबाईंचं नाव युरोपात पोचलं.

तर सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. तह करताना त्याने जी सवय लावून घेतली, समोरच्याचं पूर्ण ऐकायचं आणि तपासून घ्यायचं, तीच सवय पुस्तक लिहिताना कामी आली. विठ्ठलपंतांचं मोठेपण ओळखणारा माणूसच अहिल्याबाईंचं मोठेपण लिहू शकला.

तो संत होता असं मात्र कोणी समजू नये. आपला मुलूख कंपनीच्या हाती जावा म्हणूनच तो आयुष्यभर झटला. आणि महत्त्वाकांक्षा तर जबरदस्त. मुंबईचं गव्हर्नरपद एल्फिन्स्टनला मिळालं तेव्हा तो फार दुखावला होता. ते पद त्याला शेवटी १८२७ मध्ये मिळालं. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी अदलाबदल करून महाबळेश्वर घेतलं, सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाशी मोठं भांडण केलं, १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला आणि त्याच वर्षअखेरीला तो मायदेशी परत गेला. पार्लमेंटमध्ये थोडा काळ बसला. ३० मे १८३३ ला लंडनमध्ये वारला. रॉबर्ट क्लाइव्हचं त्याने लिहिलेलं चरित्र त्याच्या मागे १८३६ मध्ये आलं.

पण त्याच्या तहांचं काय झालं, ते सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरं होत नाही. माल्कम आपल्या लिखाणात परत परत बजावत होता की संस्थानं घाईने खालसा करू नका, लोकांचा विश्वास गेला की हे राज्य टिकायचं नाही. त्याच्यामागे वीस वर्षं झाली नाहीत तोच लॉर्ड डलहौसीने नेमकं उलट केलं. १८५१ च्या जानेवारीत बाजीराव वारला. त्याच्या अटींत बाजीराव आणि त्याचं कुटुंब असा उल्लेख होता. दत्तक मुलगा नानासाहेबांनी त्यावर बोट ठेवून पेन्शन मागितली. कंपनीने म्हटलं, ती रक्कम एका माणसाच्या हयातीपुरती होती. नानासाहेबांचा वकील अझीमुल्ला खान लंडनपर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतला. त्यानंतर १८५७ मध्ये कानपूरला काय घडलं ते सर्वांना माहीत आहे. १ जुलैला माल्कमच्या महूत आणि इंदुरात शिपाई उठले, ऑगस्टमध्ये आपल्या शेजारच्या सिहोरमध्ये उठले.

ज्याने शब्द दिला होता तो माणूस तेव्हा नव्हता आणि त्या शब्दाचा अर्थ लावणारे दुसरेच होते. १८०४ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरून त्याने जो मुद्दा मांडला होता, तोच मुद्दा पन्नास वर्षांनी बिठूरला पुन्हा उभा राहिला. त्या वेळी तो मांडायला माल्कम होता, ह्या वेळी कंपनीत कोणी नव्हतं.

मंडळातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की माल्कमच्या पुस्तकातलं होळकरांचं प्रकरण आणि भोपाळचं प्रकरण, दोन्ही एकदा वाचा. इंग्रजी जुनं आहे, आपल्या गावांची स्पेलिंग ओळखताना दमछाक होते, पण वाचता येतं. आणि ते वाचून झालं की होळकरांच्या मराठी पत्रांकडेही वळा. तात्या जोगांची आणि विठ्ठलपंतांची बाजू माल्कमने कितीही मनापासून ऐकली असली, तरी ती पुरती मांडायचं काम आपलंच आहे.